शेकोटीपासून सभागृहापर्यंत



मार्गशीर्ष सरत आला की माळव्याच्या पठारावरील आमच्या देवास गावी संध्याकाळ फार लवकर उतरते. टेकडीवरच्या देवळांतले दिवे लागतात न लागतात तोच गार वारा सुटतो. गराडू तळणाऱ्याच्या कढईभोवती गर्दी जमते, आणि गल्लीच्या तोंडाशी कोणी तरी चार काटक्या व एखाद्या मोडक्या खोक्याची फळी आणून शेकोटी पेटवितो. इकडे तिला अलाव म्हणतात. पेटविणारा कोण हे सहसा कळत नाही. पण ती पेटली की पाच-सात माणसे आपोआप तिच्याभोवती उभी राहतात. आमच्या गल्लीतल्या शेकोटीला एक निवृत्त शाळामास्तर येतात, एक किराणा दुकानदार येतात, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात, रिक्षा उभी करून रिक्षावाला येतो, आणि हातातल्या फोनवरून नजर न काढता कॉलेजातली दोन मुलेही येतात. मीही जातो. बोलणे अर्धे मराठी, अर्धे माळवी, आणि राग आला म्हणजे शुद्ध हिंदी.

आता तेथे काय बोलतात म्हणाल, तर बहुतेक नगराच्या कारभाराविषयीच बोलतात. कोपऱ्यावरची नाली तुंबली आहे. तिसरा दिवा महिनाभर लागलेला नाही. नळाला सकाळी पहिली पाच मिनिटे गढूळ पाणी येते. गुरे रस्त्यात बसतात. दर संध्याकाळी दीड-दोन तास ही सभा चालते. अध्यक्ष नसतो, इतिवृत्त नसते, ठराव मात्र पुष्कळ होतात आणि सगळे एकमताने होतात. नऊ-साडेनऊला लाकडे संपतात, निखाऱ्यांवर राख चढते, मंडळी कानटोप्या खाली ओढून घरी जातात, आणि सारे ठराव त्या राखेतच राहतात. शेकोटीवर जे बोलले जाते ते नगर निगमाच्या सभागृहापर्यंत का पोहोचत नाही, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. महाराष्ट्रात ज्याला महानगरपालिका म्हणतात त्याला इकडे नगर निगम म्हणतात आणि नगरसेवकाला पार्षद. आमच्या तोंडी तेच शब्द बसलेले असल्यामुळे मीही तेच वापरणार आहे.

देवासची थोडी पूर्वपीठिका सांगितल्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे दोघे बंधू माळव्यात आले. त्यांच्या वंशांची पुढे दोन संस्थाने झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांनी मुलूख वाटून घेणे यात नवल नाही. नवल हे की दोघांची राजधानी एकच. एकाच गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. एकाच रस्त्याच्या एका अंगाला एक राज्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ सालच्या नाताळात येथे प्रथम आले, आणि पुढे १९२१ साली काही महिने थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिले. त्यांची पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली पुस्तकरूपाने निघाली. आमचा हा दुहेरी संसार पाहून परक्या माणसाला किती मौज वाटली असेल, ते त्यावरून कळते.

त्यात राहणाऱ्याला मात्र त्याची सवय होते, आणि सवय राज्यापेक्षा जास्त काळ टिकते. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही नव्या मध्यप्रदेशात मिळाला. आज गावाला एकच नगर निगम आहे. तरीसुद्धा आमच्या शेकोटीवर कोणत्याही तक्रारीचा शेवट एकाच वाक्याने होतो: ‘अहो, ते पलीकडच्या वॉर्डात येते.’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले. दहाव्यांदा ऐकले तेव्हा वाटले, पात्या गेल्या, पण रस्त्याच्या मधली रेघ काही आमच्या मनातून पुसली गेली नाही. पूर्वी दोन होते ते आता पंचेचाळीस झाले, कारण देवासचे वॉर्ड पंचेचाळीस आहेत!

नगराचा कारभार लोकांच्या जवळ आणावा म्हणून घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते, दिवे असे अठरा विषय बाराव्या परिशिष्टात घालून ते नगरसंस्थांकडे सोपविण्याची वाट तिने मोकळी केली. त्याच दुरुस्तीने असेही सांगितले की, ज्या नगराची लोकसंख्या तीन लक्ष वा त्याहून अधिक असेल, तेथे वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत. म्हणजे एका वॉर्डाची किंवा काही वॉर्डांची मिळून एक लहान समिती, जिच्यापुढे गल्लीतली नाली हा खरोखरीचा विषय होऊ शकेल. आता आमचे नशीब पाहा. २०११ च्या जनगणनेत देवासची लोकसंख्या २ लक्ष ८९ हजारांच्या घरात भरली. अवघ्या दहा-अकरा हजारांनी आम्ही हुकलो. प्रत्यक्षात त्यानंतर गाव कितीतरी वाढले. पण कायद्याच्या दृष्टीने लोकसंख्या म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा, आणि २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. नवे आकडे छापून येईतो देवास कागदोपत्री लहान गावच राहावयाचे.

शाळामास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मग आपला दोष नाही. दोष जनगणनेचा.’ त्यांचे हे म्हणणे मला मुळीच पटले नाही. घटनेने तीन लक्षांच्या वर समिती सक्तीची केली आहे, तीन लक्षांच्या खाली तिला बंदी घातलेली नाही. राज्यांनी आणखी समित्या स्थापाव्यात अशी मोकळीक त्याच अनुच्छेदात आहे, आणि मध्यप्रदेशाच्या कायद्यात मोहल्ला समितीची तरतूदही आहे. आमच्या शेकोटीवरील सात जणांपैकी किती जणांना ती ठाऊक होती? एकालाही नाही. मलाही नव्हती, या भाषणाच्या निमित्ताने वाचावयास बसलो तेव्हा सापडली. ज्याला दार आहे हे माहीतच नाही त्याने ते बंद असल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

हिवाळ्याचे दिवसच मी का निवडले, असे कोणी विचारील. पावसाळ्यात गाव पाण्याशी झगडत असते आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून. त्या दोन्ही वेळी विचार करावयास सवड नसते, नुसती धावपळ असते. कार्तिकापासून माघापर्यंतचे चार महिने तेवढे मोकळे. तलाव भरलेले असतात, रस्ते कोरडे असतात, मजूर मिळतो. शिवाय नगर निगमाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पुढच्या वर्षी कोणत्या गल्लीत काय करावयाचे त्याची जुळवाजुळव अंदाजपत्रकासाठी याच दिवसांत चाललेली असते. म्हणजे ज्या संध्याकाळी आम्ही शेकोटीवर हात शेकीत नालीला शिव्या देत असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्या नालीचे भवितव्य कोठल्या तरी टेबलावर ठरत असते. चैत्रात जाऊन ओरडण्यात काही अर्थ नाही. तेव्हा पैशांची वाटणी झालेली असते.

आणि उन्हाळ्याची गोष्ट निघालीच आहे तर १९९० साल विसरून चालणार नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आले. इंदूरहून टाक्यांची गाडी भरून यावयाची, आणि मग ते पाणी गावात. ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात अनुपम मिश्र यांनी ही हकीकत लिहिली आहे. त्या गाडीचे स्टेशनावर ढोलनगारे वाजवून स्वागत झाले, असे ते सांगतात. त्यांनी त्याचे कारणही सांगितले आहे: गावातले लहानमोठे तलाव आधीच्या तीस वर्षांत बुजविले गेले, आणि त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले. एकेक तलाव बुजला तो काही एका रात्रीत नव्हे. त्या तीस वर्षांत तीस हिवाळे येऊन गेले, आणि त्या प्रत्येक हिवाळ्यात शेकोट्या होत्याच. ‘तलावात माती टाकीत आहेत हो,’ असे कोणी ना कोणी म्हटलेच असेल. आणि दुसरा म्हणाला असेल, ‘पलीकडच्या बाजूला आहे तो.’ मीठा तलाव राहिला. त्याच्या काठच्या पवारांच्या छत्र्या आजही पाहुण्यांना दाखवतात. जे गेले त्यांची नावेही नव्या पिढीला सांगता यावयाची नाहीत. जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मात्र २००६ पासून शेतांत तळी खणावयास घेतली, आणि त्यांच्या पाण्यावर हिवाळ्यातला गहू-हरभरा उभा राहतो. शहराने खेड्यापासून शिकावे असे यात बरेच आहे.

आता शेकोटीच्या धुराबद्दल दोन शब्द. बेळगावकडच्या श्रोत्यांना ठाऊकच आहे की त्यांच्या सुळेभावी गावी जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ सालच्या जानेवारीत देवासला राहावयास आले ते गाण्यासाठी नव्हे, फुप्फुसांसाठी. क्षयाने ते आजारी होते, आणि माळव्याची कोरडी, स्वच्छ हवा त्यांना मानवेल असे डॉक्टरांचे म्हणणे होते. कित्येक वर्षे त्यांना गाता येत नव्हते. त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडली, आणि पुढे ‘गीतहेमंत’सारखा थंडीच्या ऋतूवरील कार्यक्रमही त्यांनी सादर केला. १२ जानेवारी १९९२ रोजी याच गावी त्यांचे निधन झाले. ज्या गावच्या हवेने एवढा गळा वाचविला, त्या गावात आम्ही शेकोटीत काय जाळतो? लाकडे संपली की प्लॅस्टिकच्या पिशव्या, खोकी, एखादे दिवशी सायकलचा टायर. टायर जळाला त्या रात्री नोटांच्या छापखान्यातले गृहस्थ खोकून खोकून हैराण झाले, पण जागचे हलले नाहीत, कारण विषय रंगात आला होता! उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये भरपाई लावावी, असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१६ च्या डिसेंबरात झालेला आहे. हा आदेश मी शेकोटीवर वाचून दाखविला. त्याचा परिणाम इतकाच झाला की टायर पुन्हा आला नाही. पिशव्या अजून येतात.

२०२४-२५ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पन्नास हजार ते तीन लक्ष वस्तीच्या शहरांत देवासचा पहिला क्रमांक लागला. त्याच गटात महाराष्ट्रातील कराडही वरच्या तिघांत होते. ही बातमी आली तेव्हा मलाही अभिमान वाटला, आणि अजून वाटतो. सफाई कामगार पहाटेच्या थंडीत आमच्या आधी उठतात, त्याचे ते फळ आहे. तो मान आमच्या शेकोटीने स्वतःकडे घेऊ नये.

थंडीत नगरसंस्थेचे आणखी एक कर्तव्य असते, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. ज्याला घर नाही त्याने रात्र कोठे काढावी? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या थंडीत या प्रश्नाची दखल घेऊन निवाऱ्यांविषयी आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात तर मापच ठरविले: एक लक्ष लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय होईल असा कायमचा निवारा, आणि तो बारा महिने उघडा. इकडे त्याला रैनबसेरा म्हणतात. गेल्या पौषात एका रात्री आमच्या शेकोटीजवळ एक मजूर येऊन बसला. मंडळी सरकली, त्याला जागा दिली, चहाही दिला. सभा संपली तेव्हा तो तेथेच राखेजवळ पटका पसरू लागला. आता याला न्यावे कोठे? रैनबसेरा कोठे आहे हे सातांपैकी एकालाही नक्की सांगता येईना. शेवटी रिक्षावाल्याने दुसऱ्या रिक्षावाल्याला फोन करून विचारले. पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता. जागा होती, कांबळेही मिळाले. परत येताना रिक्षावाला म्हणाला, ‘मास्तर, आपण रोज इतके बोलतो आणि एवढेही आपल्याला ठाऊक नव्हते.’ मास्तर नेहमी उत्तर देतात. त्या रात्री त्यांनी दिले नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी मी शेकोटीवर विचारले की, नालीविषयी लेखी तक्रार कोणी केली आहे काय? प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले. महिनाभर ज्या नालीवर बोलत होतो तिच्यासंबंधी एक ओळही कोणी लिहिली नव्हती. प्रत्येकाला वाटे, दुसऱ्याने लिहिली असेल. मी दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज दिला, पावती घेतली, आणि चौथ्या दिवशी माणूस आला. गाळ उपसता उपसता तो सहज म्हणाला, ‘बाबूजी, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन याच नालीच्या खालून जाते.’ तो हे अगदी सहज बोलला. माझ्या अंगावर मात्र काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

कारण २०२५ च्या डिसेंबराच्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा भागात काय झाले ते आपण सर्वांनी वाचले आहे. पिण्याच्या वाहिनीत सांडपाणी शिरले, शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. इंदूर येथून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. स्वच्छतेत ज्या शहराचे नाव देशभर झाले त्या शहरात हे घडले. पाण्याला वास येतो, रंग वेगळा दिसतो, हे तेथल्या रहिवाशांना आधीच कळले होते. अशी गोष्ट सर्वांत आधी कळते ती सकाळी नळाखाली हंडा धरणाऱ्या व्यक्तीला. यंत्राला ती नंतर कळते, आणि सभागृहाला त्याहून नंतर.

आणि नळाखाली हंडा कोण धरते? आमच्या शेकोटीवर येणाऱ्या सातांपैकी कोणीही नाही. महिनाभर आम्ही ‘गढूळ पाणी, गढूळ पाणी’ म्हणत होतो ते घरच्यांकडून ऐकलेले. शेकोटी ही पुरुषांची सभा. घरातल्या बायका त्या वेळी भाकऱ्या भाजीत असतात. मध्यप्रदेशात पार्षदांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. सभागृहाने स्त्रियांसाठी जागा केली, पण रस्त्यावरच्या सभेने केली नाही.

परंतु त्यांचीही एक सभा असते, आणि तीही हिवाळ्यातच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या मराठी घरांतून हळदीकुंकू चालते. गेल्या वर्षी आमच्या वहिनींनी हळदीकुंकवाला तिळगुळाच्या ताटाशेजारी एक वही ठेवली. येणाऱ्या प्रत्येकीला वाण देण्यापूर्वी त्या तीनच प्रश्न विचारीत: नळ किती वाजता येतो, पहिले पाणी कसे असते, घरात गेल्या महिन्यात कोणाचे पोट बिघडले काय? माळवी शेजारणी आल्या, त्यांनाही विचारले. बावीस घरांची नोंद झाली. आमच्या शेकोटीला महिनाभरात जे साधले नाही ते दोन तासांत कागदावर उतरले. त्यातून असे निघाले की गढूळ पाणी फक्त नालीच्या उताराकडील नऊ घरांत येते. वरच्या तेरा घरांत येत नाही. हे वाचून मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

आमच्या वॉर्डाच्या पार्षद बाईंनाही वहिनींनी हळदीकुंकवाचे बोलावणे केले होते. त्या आल्या, कुंकू लावून घेतले, वाण घेतले, आणि वहीतले ते पान दोनदा वाचले. मग म्हणाल्या, ‘हे पान मला द्या. पण नुसते पान घेऊन मी काय सांगू? रविवारी सकाळी मी अभियंत्यांना घेऊन येते. तुमच्यापैकी कोण कोण येईल?’

रविवारी सकाळी सात वाजता दाट धुके होते. हात हाताला दिसत नव्हता म्हटले तरी चालेल. बावीस घरांतून बारा जणी आल्या, डोक्यावरून शाली घेऊन, आणि एकीच्या हातात काचेच्या पेल्यात त्या दिवसाचे पहिले पाणी होते. पुरुष आम्ही तिघे: रिक्षावाला, शाळामास्तर आणि मी. बाकीची सभा अजून पांघरुणात होती. पार्षद बाई आल्या, त्यांच्याबरोबर अभियंता आला. त्याने तो पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि फावडे मागितले.